अष्टपैलू शालेय खेळाडूचे महाविद्यालयीन स्थान : अमेरिकन फुटबॉलमधील पूर्वानुमानाची प्रक्रिया

गोषवारा : अमेरिकन फुटबॉलमध्ये शालेय स्तरावर अनेक स्थानांवर खेळणाऱ्या खेळाडूस महाविद्यालयात प्रवेश घेताना बहुधा एकच स्थान स्वीकारावे लागते. ते कोणते असावे हे ठरविताना त्याची शरीररचना, हालचाल, शिकविता येणारी व न येणारी कौशल्ये आणि संघाची गरज यांचा कसा विचार केला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या पूर्वानुमानाचा धोका मुख्यत्वे खेळाडूस पत्करावा लागतो, हे काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : अमेरिकन फुटबॉल, क्रीडा भरती, अष्टपैलुत्व, खेळाडूचे स्थान, क्वार्टरबॅक.

प्रस्तावना

'अष्टपैलू' हे विशेषण आपल्याकडे निखळ गौरवाचे मानले जाते. क्रिकेटमध्ये फलंदाजी व गोलंदाजी अशा दोन्ही अंगांत निपुण असणारा खेळाडू लाभणे म्हणजे एका जागेत दोन खेळाडू मिळण्यासारखे होय. त्यास दोहोंपैकी एकाचा त्याग करावा लागत नाही. मुंबईतील शाळकरी सचिन तेंडुलकर १९८७ मध्ये वेगवान गोलंदाज होण्याच्या इच्छेने मद्रासच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये गेला असता डेनिस लिली यांनी त्यास फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. पण पुढे तो गोलंदाजी करावयाचा थांबला नाही. एकदिवसीय सामन्यांत त्याने १५४ बळीही घेतले. क्रिकेटचा नियम त्यास आड आला नाही.

अमेरिकन फुटबॉलची गोष्ट वेगळी आहे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असले तरी आक्रमण करणारे ११ व बचाव करणारे ११ हे साधारणतः पूर्णतः भिन्न असतात, आणि चेंडूचा ताबा बदलला की सारा संघच मैदानात बदलतो. हे पूर्वीपासून असे नव्हते. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९५३ पासून दहाबारा वर्षे खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती व बहुतेकांना दोन्ही बाजूंनी खेळावे लागे. १९६०च्या दशकाच्या मध्यास ही बंधने उठली. तेव्हापासून प्रत्येक स्थान स्वतंत्र व्यवसायाप्रमाणे विकसित झाले. त्याचा प्रशिक्षक वेगळा, सरावाची जागा वेगळी, आहार व व्यायामही वेगळा.

शाळांमध्ये मात्र जुनी पद्धत अद्याप टिकून आहे. छोट्या गावातील हायस्कूलकडे दोन स्वतंत्र संघ उभे करण्याइतकी मुलेच नसतात. त्यामुळे तेथील उत्तम मुलगा आक्रमणात चेंडू फेकतो, बचावात सर्वांत मागे उभा राहतो, आणि प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू घेऊन धावतोही. भरतीचे गुणांकन करणाऱ्या संस्था अशा मुलाचे स्थान लिहिण्याच्या रकान्यात कित्येकदा नुसते 'ॲथलीट' असे लिहितात. हा शब्द वरवर स्तुतीचा वाटतो. वस्तुतः तो 'अद्याप ठरलेले नाही' याचा सभ्य पर्याय आहे.

स्थानांविषयी थोडेसे

पुढील विवेचनासाठी काही स्थानांची ओळख आवश्यक आहे. आक्रमणाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. त्याच्याकडून चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, दूर जाऊन चेंडू झेलणारा वाइड रिसीव्हर, झेलणे व अडविणे ही दोन्ही कामे करणारा धिप्पाड टाइट एंड, आणि या सर्वांचे रक्षण करणारी पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन. या लाइनच्या मध्यभागी सेंटर व दोन्ही टोकांना टॅकल असतात. बचावात पुढे डिफेन्सिव्ह लाइन, तिच्या टोकाला डिफेन्सिव्ह एंड, मागे लाइनबॅकर, आणि त्यांच्याही मागे रिसीव्हरांवर पहारा ठेवणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी. ढोबळमानाने सांगावयाचे तर चेंडू ठेवलेल्या जागेच्या जवळ वजन लागते आणि जसजसे दूर जावे तसतसा वेग लागतो. स्थाननिश्चितीचा निम्मा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

शालेय स्थान फसवे का असते

शाळेचा प्रशिक्षक पुढील शुक्रवारचा सामना जिंकण्यासाठी संघ रचतो. आपल्या सर्वोत्तम मुलाच्या हाती प्रत्येक वेळी चेंडू यावा असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या मुलास क्वार्टरबॅक करणे. मग त्या मुलाची फेक कशीही असो. तो पळून मैदान गाठतो व संघ जिंकतो. तीच गोष्ट उलट टोकाची. लहान शाळेत ६ फूट ३ इंच उंचीचा मुलगा सर्वांत मोठा असतो म्हणून तो लाइनवर उभा राहतो. मोठ्या विद्यापीठाच्या लाइनवर मात्र ती उंची सामान्य ठरते, आणि तोच मुलगा कदाचित लाइनबॅकर म्हणून अधिक शोभला असता. थोडक्यात, शालेय स्थान मुलाविषयी जितके सांगते तितकेच त्याच्या शाळेविषयीही सांगते.

महाविद्यालयीन प्रशिक्षकापुढे जी चित्रफीत येते तीही बहुधा निवडक असते. त्यात मुलाच्या उत्तम धावा, उत्तम झेल असतात. अनुभवी निरीक्षक त्यामुळे संपूर्ण सामन्याची फीत मागवितो व मुलाकडे चेंडू नसतानाचे क्षण पाहतो. तो कोणास अडवितो काय? आपल्या बाजूने डाव फसल्यावर पाठलाग करतो काय? एखाद्या रिसीव्हरच्या वळणापाठोपाठ त्याची कंबर वळते, की तो आधी थांबून मग वळतो? स्थान ठरविण्यास उपयोगी असलेली माहिती अशा दुर्लक्षित क्षणांत अधिक सापडते.

शरीर : काय वाढते आणि काय वाढत नाही

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो एकविसाव्या वर्षी कसा असेल हे सांगणे हा या प्रक्रियेचा गाभा आहे. येथे हाडे व वजन यांत भेद करावा लागतो. महाविद्यालयातील व्यायाम व आहार यांनी वजन वाढते, काही मुलांचे तर पुष्कळच वाढते. हातांची लांबी, पंजाचा आकार, खांद्यांची रुंदी यांत मात्र प्रशिक्षक काहीही करू शकत नाही. म्हणून मुलाचे वजन नोंदविण्यापेक्षा त्याची चौकट पाहिली जाते. आईवडील व थोरल्या भावंडांची उंचीही विचारली जाते. ज्याच्या लांब हाडांवर अद्याप मांस चढलेले नाही तो मुलगा कोठवर जाईल हे सांगता येत नाही, आणि जो सोळाव्या वर्षीच पूर्ण घडलेला आहे तो आज अधिक चांगला दिसतो एवढेच.

यातून एक व्यवहारी नियम रूढ झाला आहे. वजन वाढत जाते तसा खेळाडू चेंडूच्या दिशेने आत सरकतो. सेफ्टीचा लाइनबॅकर होतो, लाइनबॅकरचा डिफेन्सिव्ह एंड होतो, रिसीव्हरचा टाइट एंड व टाइट एंडचा टॅकल होतो. उलट प्रवास विरळा. मायामी विद्यापीठात व पुढे डॅलस काउबॉइज संघात प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी या नियमाचे धोरणच बनविले. सेफ्टीच्या वेगाचा मुलगा लाइनबॅकर केला आणि लाइनबॅकरच्या वेगाचा मुलगा लाइनवर आणला, तर प्रत्येक स्थानी प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक वेग मिळतो, असे त्यांचे गणित होते.

या सरकण्याचे सर्वांत ठळक उदाहरण लेन जॉन्सन याचे आहे. टेक्सासमधील ग्रोव्हटन या लहान गावच्या हायस्कूलमध्ये तो क्वार्टरबॅक होता. किलगोर या द्विवार्षिक महाविद्यालयातही तो क्वार्टरबॅक म्हणूनच खेळला. ओक्लाहोमा विद्यापीठात त्यास टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, आणि शेवटी ऑफेन्सिव्ह टॅकल करण्यात आले. २०१३ च्या व्यावसायिक निवडीत फिलाडेल्फिया ईगल्सने त्यास चौथ्या क्रमांकावर घेतले तेव्हा त्याचे वजन ३०० पौंडांच्या वर गेले होते. जे. जे. वॉट हा २००७ मध्ये सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड होता. ती शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनमध्ये शिष्यवृत्तीविना दाखल झाला, डिफेन्सिव्ह एंड झाला, आणि पुढे २०१२, २०१४ व २०१५ अशा तीन वर्षी व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

केल्सी बंधूंचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण घर, हायस्कूल व विद्यापीठ ही तिन्ही दोघांची समान होती. ओहायोतील क्लीव्हलंड हाइट्स हायस्कूलमध्ये थोरला जेसन रनिंग बॅक व लाइनबॅकर होता, तर धाकटा ट्रॅव्हिस क्वार्टरबॅक. सिनसिनाटी विद्यापीठात जेसन शिष्यवृत्तीविना आला व त्यास ऑफेन्सिव्ह लाइनवर नेण्यात आले; ट्रॅव्हिसचा प्रवास टाइट एंडच्या जागी स्थिरावला. २०२३ च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या अंतिम सामन्यात दोघे परस्परविरोधी संघांतून खेळले, जेसन सेंटर म्हणून व ट्रॅव्हिस टाइट एंड म्हणून. शाळेतील दोघांच्या स्थानांवरून हे भाकीत कोणी केले असते, असे वाटत नाही.

हालचाल व तिचे मोजमाप

भरतीच्या शिबिरांत ४० यार्डांची धाव, २० यार्डांची मागेपुढे धाव, तीन शंकूंभोवतीची धाव, उभी उडी व लांब उडी अशा चाचण्या घेतल्या जातात. त्यांपैकी ४० यार्डांची धाव सर्वाधिक गाजते. परंतु ती सरळ रेषेतील आहे, आणि शिबिरांत ती पुष्कळदा हाती धरलेल्या घड्याळाने मोजली जाते. कॉर्नरबॅकला मागे धावत असता क्षणात वळून पुढे धावावे लागते. तेथे सरळ वेगापेक्षा कंबर व घोटा यांची लवचीकता निर्णायक ठरते. सरळ वेग उत्तम पण वळण जड अशा मुलास कॉर्नरबॅक न करता सेफ्टी करतात, कारण सेफ्टीस समोर पाहून पुढे यावयाचे असते. वळण चपळ पण उंची कमी असेल तर रिसीव्हरांच्या रांगेत आतील बाजूस, म्हणजे स्लॉटमध्ये, त्याचा विचार होतो.

प्रस्तुत लेखकास दुसऱ्या खेळातील पुरावा या चाचण्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. ॲथलेटिक्सच्या अधिकृत स्पर्धेत विद्युत् घड्याळावर नोंदलेली १०० मीटरची वेळ कोणी फुगवू शकत नाही. गोळाफेकीत पुढे असणारा मुलगा अंगातील स्फोटक ताकद दाखवितो. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना मोठ्या अंगाच्या मुलाची पावले किती हलकी पडतात, हे भावी टॅकलविषयी बरेच काही सांगते. कुस्ती खेळलेला मुलगा लाइनवर खाली वाकून दुसऱ्यास उचलावयास शिकलेला असतो. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत 'एका खेळातून दुसऱ्या खेळात संक्रमण' या प्रकरणास परीक्षेपुरतेच स्थान असते. येथे त्याचा प्रत्यक्ष उपयोग दिसतो.

एक नमुना

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक मुलगा गृहीत धरू. उंची ६ फूट २ इंच, वजन १९५ पौंड. शाळेत क्वार्टरबॅक व सेफ्टी; पंट परत आणण्याचे कामही त्याच्याकडेच. हात लांब, १०० मीटरची वेळ ११ सेकंदांच्या आसपास, बास्केटबॉल संघातही आहे. त्याचे स्थान कोणते?

प्रथम क्वार्टरबॅकचा विचार करावा लागतो, कारण तेथील निर्णयास सर्वांत अधिक काळ लागतो. फेकीचा वेग काही अंशी सुधारतो. परंतु बचावाची रचना वाचून अडीच-तीन सेकंदांत निर्णय घेण्याची क्षमता, आणि अंगावर धावून येणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करून दूरवर पाहात राहण्याची वृत्ती, या गोष्टी थोड्याफारच शिकविता येतात. शिवाय मैदानावर एकच क्वार्टरबॅक असतो. रिसीव्हर तीन-चार असतात, बचावाच्या मागील फळीत चार-पाच. क्वार्टरबॅकच्या रांगेत दुसरा असणे म्हणजे बहुतेक सामने बाकावरून पाहणे होय.

आता खरी अडचण येथे आहे. हा मुलगा दोन वर्षे क्वार्टरबॅक म्हणून थांबला व मग त्यास सांगण्यात आले की तुझे स्थान येथे नाही, तर त्याची दोन वर्षे तर गेलीच, पण त्या काळात रिसीव्हरची धावण्याची वळणे वा सेफ्टीचे पवित्रे शिकलेली मुले त्याच्या पुढे निघून गेली. दीर्घकाळ रूढ असलेल्या नियमानुसार खेळाडूस पाच वर्षांत चार हंगाम मिळत आले आहेत. त्या हिशेबात दोन वर्षे ही किरकोळ बाब नव्हे. म्हणून क्वार्टरबॅक म्हणून त्यास बोलाविणाऱ्या प्रशिक्षकाचे म्हणणे कितीही गोड असले तरी, त्या संघात त्याच वर्षी व आदल्या वर्षी किती क्वार्टरबॅक घेतले आहेत, ही संख्या अधिक बोलकी असते.

क्वार्टरबॅक बाजूस ठेवल्यास सेफ्टी व रिसीव्हर हे दोन पर्याय उरतात. पंट परत आणणारा मुलगा हवेतील चेंडूचा अंदाज घेऊ शकतो हे सिद्धच आहे, व ते दोन्हीकडे उपयोगी. क्वार्टरबॅकच्या जागी घालविलेली वर्षे सेफ्टीस अधिक फळतात, कारण समोरचा क्वार्टरबॅक काय पाहात आहे हे त्यास कळते. रिसीव्हर म्हणून त्याचे हात तपासलेले नाहीत; त्याने चेंडू फेकला आहे, झेललेला नाही. याउलट त्याच्या अंगावर २० पौंड चढले तर सेफ्टीचा लाइनबॅकर होऊ शकेल, म्हणजे त्या बाजूस एक दार अधिक उघडे राहते. अशा विचाराने बहुतेक निरीक्षक त्यास सेफ्टी म्हणतील, व माझेही मत तेच पडेल. मात्र त्याची धडक देण्याची तयारी नसेल तर हे सारे गणित कोसळते. अंगावर येणाऱ्यास आनंदाने भिडण्याची वृत्ती कोणत्याही चाचणीत मोजली जात नाही. ती फितीतच पाहावी लागते.

उलट दिशेने घडलेले एक चांगले उदाहरण रिचर्ड शर्मन याचे. स्टॅनफर्डमध्ये तो रिसीव्हर म्हणून खेळला आणि उत्तरार्धात कॉर्नरबॅक झाला. २०११ मध्ये सिॲटलने त्यास पाचव्या फेरीत निवडले, व पुढील काही वर्षांत तो लीगमधील अग्रगण्य कॉर्नरबॅक गणला गेला. रिसीव्हर कोठे वळणार हे त्यास ठाऊक होते, कारण तो स्वतः तेथे वळलेला होता.

संघाची गरज आणि अष्टपैलुत्वाची किंमत

आतापर्यंतचा विचार मुलापासून सुरू झाला. प्रशिक्षकाचा विचार मात्र रिकाम्या जागेपासून सुरू होतो. सर्वोच्च श्रेणीच्या महाविद्यालयीन संघांना पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तिच्या जागी १०५ खेळाडूंच्या संघसंख्येची मर्यादा आली व विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. अशा व्यवस्थेत अष्टपैलू मुलगा प्रशिक्षकास फार सोयीचा वाटतो. ज्या जागी दुखापत होईल तेथे तो सरकविता येतो.

काही वेळा ही सोय खेळाडूच्याही पथ्यावर पडते. न्यू मेक्सिको राज्यातील लोव्हिंग्टनचा ब्रायन अर्लाकर हा तेथील राज्य विद्यापीठात रॉकी लाँग यांच्या बचावरचनेत सेफ्टी व लाइनबॅकर यांच्या मधल्या जागी खेळला. शिवाय झेलही घेतले, किकही परत आणल्या. शिकागो बेअर्सने २००० मध्ये त्यास नवव्या क्रमांकावर निवडले व मधला लाइनबॅकर केले. २०१८ मध्ये त्याचा समावेश व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. त्याच्या बाबतीत मधली जागा ही एका निश्चित स्थानाकडे नेणारी पायरी ठरली.

आयझाया सिमन्स याच्या बाबतीत तसे झाले नाही. कॅन्ससमधून क्लेम्सन विद्यापीठात सेफ्टी म्हणून आलेला हा खेळाडू २०१९ मध्ये लाइनबॅकर, सेफ्टी, स्लॉटमधील कॉर्नर अशा अनेक जागी खेळला व सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार त्यास मिळाला. २०२० मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने त्यास आठव्या क्रमांकावर घेतले. तेथे तो कधी लाइनबॅकर, कधी मागील फळीत असा फिरत राहिला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये केवळ सातव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात न्यू यॉर्क जायंट्सकडे पाठविला गेला. त्याच्या गुणांविषयी शंका नव्हती. क्लेम्सनमध्ये दर आठवड्यास नवे काम देणारी रचना त्याच्याभोवती उभारली होती, ती दुसरीकडे नव्हती. मिशिगनचा जब्रिल पेपर्स २०१६ मध्ये आक्रमण, बचाव व किक परत आणणे अशा तिन्ही अंगांत खेळून हाइजमन पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचला. परंतु महाविद्यालयीन कारकिर्दीत बचावपटू म्हणून त्याने अडविलेली फेक एकच होती. सर्वत्र असणाऱ्यास एका जागी मुरण्यास सवड मिळत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

क्वार्टरबॅकच्या प्रश्नामागील इतिहास

स्थाननिश्चितीचा निर्णय नेहमी केवळ क्रीडाशास्त्रीय राहिलेला नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन लॉय व जोसेफ मॅकएल्वोग यांनी १९७० मध्ये अमेरिकन खेळांतील वांशिक विभागणीचा अभ्यास मांडला. संघातील मध्यवर्ती स्थानांवर गोरे खेळाडू व परिघावरील स्थानांवर कृष्णवर्णीय खेळाडू अधिक आढळतात, असे त्यात दिसून आले. यास पुढे 'स्टॅकिंग' असे नाव रूढ झाले. क्वार्टरबॅक हे त्यातील सर्वांत मध्यवर्ती स्थान. 'तुझ्या अंगी वेग आहे, तू रिसीव्हर हो' हे वाक्य ऐकलेल्या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांच्या पिढ्या झाल्या.

मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजसाठी क्वार्टरबॅक म्हणून खेळला, व दुसऱ्याच वर्षी बफेलोत रिसीव्हर झाला. मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टोनी डंजी १९७७ मध्ये पिट्सबर्ग संघात सेफ्टी म्हणून राहिला. तोच पुढे प्रशिक्षक म्हणून सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू होता. तरीही व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणून पुरेसा विश्वास दिसेना, तेव्हा स्थान बदलण्याऐवजी त्याने देश बदलला. कॅनडातील एडमंटन संघाबरोबर त्याने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच अजिंक्यपदे मिळविली, १९८४ मध्ये ह्यूस्टनला परतला, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हा इतिहास संपला असे म्हणता येत नाही. फ्लोरिडातील बॉइन्टन बीच हायस्कूलचा लमार जॅक्सन याने लुईव्हिल विद्यापीठ निवडताना क्वार्टरबॅक म्हणूनच खेळविण्याचे आश्वासन महत्त्वाचे मानले होते. या बाबतीत त्याच्या आईचा आग्रह ठाम होता. २०१६ मध्ये त्यास हाइजमन पुरस्कार मिळाला. तरीही २०१८ च्या निवडीपूर्वी बिल पोलियन यांच्यासारख्या जाणत्या प्रशासकाने त्याने रिसीव्हर व्हावे असे मत दिले. त्या वर्षीच्या चाचणी शिबिरात जॅक्सनने ४० यार्डांची धाव घेतलीच नाही. ज्या मोजमापातून 'हा तर रिसीव्हर' असा निष्कर्ष निघणार ते मोजमापच देण्यास त्याने नकार दिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. चार क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले व बॉल्टिमोरने त्यास बत्तिसाव्या क्रमांकावर घेतले. २०१९ व २०२३ या हंगामांत तो लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. केंट स्टेटचा क्वार्टरबॅक ज्युलियन एडलमन २००९ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला, रिसीव्हर झाला, आणि २०१९ च्या सुपर बोलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. स्थान बदलण्याचा सल्ला दरवेळी अन्यायाचाच असतो असे नाही. मात्र तो देणाऱ्याने आपण काय पाहून सल्ला देत आहोत, फेक पाहून की केवळ पळण्याचा वेग पाहून, हे सांगितले पाहिजे.

दोन्ही बाजूंनी खेळण्याची शक्यता

निवड टाळताच येणार नाही काय? १९९७ मध्ये मिशिगनचा चार्ल्स वुडसन, जो ओहायोतील हायस्कूलमध्ये रनिंग बॅक म्हणूनही गाजला होता, कॉर्नरबॅक असून अधूनमधून आक्रमणातही खेळला व हाइजमन पुरस्कार घेऊन गेला. परंतु जॉर्जियातील कॉलिन्स हिल हायस्कूलच्या ट्रॅव्हिस हंटरची कामगिरी निराळ्याच प्रतीची आहे. जॅक्सन स्टेट व पुढे कोलोरॅडो येथे तो रिसीव्हर व कॉर्नरबॅक या दोन्ही जागी पूर्णवेळ खेळला. २०२४ च्या हंगामात त्याने ९६ झेल, १,२५८ यार्ड व १५ टचडाउन नोंदविले, शिवाय चार फेकी अडविल्या. त्यास हाइजमन मिळालाच, आणि सर्वोत्तम रिसीव्हर व सर्वोत्तम बचावपटू यांचे स्वतंत्र पुरस्कारही मिळाले. जॅक्सनव्हिलने २०२५ मध्ये त्यास दुसऱ्या क्रमांकावर घेतले व दोन्ही बाजूंनी खेळविण्यास आरंभ केला. गुडघ्याच्या दुखापतीने तो हंगाम मध्येच आटोपला. दुखापत कोणासही होते, त्यावरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हंटरची ही दोन्ही स्थाने एकाच शरीराची आहेत. रिसीव्हर व कॉर्नरबॅक यांचे वजन, वेग, वळण जवळजवळ समान. एक दुसऱ्याचे प्रतिबिंब. दोन जागांसाठी त्यास दोन शरीरे घडवावी लागली नाहीत. आपल्या नमुन्यातील मुलास क्वार्टरबॅक व सेफ्टी अशी सांगड घालावयाची झाल्यास तसे होणार नाही, कारण क्वार्टरबॅकच्या आठवड्याचा बहुतांश वेळ बैठकीच्या खोलीत जातो.

खेळाडू व पालक यांच्या बाजूने

पूर्वी चुकीच्या स्थानी अडकलेल्या मुलास मार्ग फार थोडे होते. दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे तर सामान्यतः एक हंगाम बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये स्थलांतराची नोंदवही, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, सुरू झाली आणि २०२१ मध्ये एकदा न बसता स्थलांतर करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी नाव व प्रतिमा यांपासून उत्पन्न मिळविण्याचा अधिकारही खेळाडूंना लाभला. यामुळे प्रशिक्षकाने दिलेल्या शब्दास काही किंमत आली, कारण शब्द मोडल्यास मुलगा निघून जाऊ शकतो. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की, प्रशिक्षकही आता अपरिपक्व मुलास तीन वर्षे घडविण्याऐवजी दुसऱ्या संघातील तयार खेळाडू आणू शकतो. स्थान न ठरलेल्या मुलास याचा फटका अधिक बसणे संभवते. त्यास लागणारा वेळ देण्याची प्रशिक्षकाची निकड कमी झाली आहे.

अशा स्थितीत मुलाने व त्याच्या पालकांनी विचारावयाचे प्रश्न साधेच आहेत. घरी फोन कोण करतो, रिसीव्हरांचा प्रशिक्षक की बचावाचा? पहिल्या दिवशी मुलगा कोणत्या गटाच्या बैठकीस बसेल? त्या गटात त्याच्या वयाचे आणखी किती आहेत? पहिल्या स्थानी जमले नाही, तर ते जमले नाही असे किती महिन्यांनी व कोणी ठरवावयाचे? आणि ज्या प्रशिक्षकाने हे आश्वासन दिले तो पुढील वर्षी त्या विद्यापीठात असेल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा खुद्द प्रशिक्षकासही ठाऊक नसते, आणि नवा प्रशिक्षक आला की मुलाच्या नावापुढील रकाना पुन्हा कोरा होतो.